शेळी का दिली, मावशी?

मंजुळाबाई मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार वॉर्डात वीस वर्षं आया होत्या. माहेर फुलंब्रीकडचं, मेंढरं राखणारं. शाळा पाहिलेली नव्हती. पण पेशंट दारातून आत येतानाच त्यांना कळायचं, आज ह्याला बोलायचंय की नाय.

वॉर्डाचे प्राध्यापक झंवर सर डॉक्टरकी शिकणाऱ्या पोरांना पेशंटशी बोलायला शिकवत होते. एकानं पेशंट व्हायचं, दुसऱ्यानं डॉक्टर. पण पेशंट झालेलं पोरगं सारखं फिदीफिदी हसायचं. सर वैतागले. चादरी घेऊन चाललेल्या मंजुळाबाई दाराशी थबकल्या.

"सर, मी बसू का पेशंट होऊन?"

खुर्चीवर बसून त्यांनी पदर पुढं ओढला आणि बघता बघता त्या दुसऱ्याच कुणी झाल्या. समोरचं पोरगं कागदावरचं वाचत सुटलं.

"झोप लागते?"

"नाय."

"भूक?"

"नाय. परवा शेळी देऊन टाकली जावेला."

"बरं," म्हणून त्यानं पुढचा प्रश्न घेतला. पाच मिनिटांत काम उरकलं.

मग त्याच वर्गातली सोयगावची अरुणा समोर येऊन बसली. तिनं कागद पालथा ठेवला.

"शेळी का दिली, मावशी?"

मंजुळाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. अरुणानं पुढचा प्रश्न घेतला नाही, थांबली.

"लई जीव व्हता तिच्यावर," मंजुळाबाई शेवटी बोलल्या. "पण माझ्या मागं तिला कोण बघणार?"

अरुणानं सरळ विचारलं, "जीव द्यावा असं मनात येतं का?"

"येतं, बाई."

"सांगितलंत ते बरं केलंत. आता तुम्हाला एकटं सोडणार नाही."

मंजुळाबाईंच्या डोळ्यांना धार लागली.

"सर, हे माझ्या थोरल्या बहिणीचं. म्हाळसानं शेळी दिली तवा कुणी इचारलंच नाय, अन् ती जिवानिशी गेली. ह्या पोरीनं इचारलं."

तेव्हापासून दरवर्षी ती खुर्ची त्यांचीच. कुणी घाई केली की म्हणायच्या, "डॉक्टर, पुन्हा इचारा. मी कुठं पळून चालले नाय." परीक्षेत गुण मांडण्याआधी सरही त्यांच्याकडं बघायचे.

एका वर्षी सरांनी नव्या तुकडीला सांगितलं, "ह्या मंजुळाबाई. पेशंटशी बोलायचं कसं, ते ह्या शिकवतात."

सगळी पोरं उठून उभी राहिली. मंजुळाबाईंचा ऊर भरून आला. त्या ताठ बसल्या आणि पहिल्या पोराला म्हणाल्या, "या डॉक्टर. आधी तुमचं नाव सांगा."