सात खाचांची फळी

पुंजा गांगुर्डे यांनी ओझरच्या विमानांच्या कारखान्यात चौतीस वर्षं पत्रे जोडणारे रिव्हेट ठोकले. रिटायर झाले तेव्हा घड्याळ मिळालं, शाल मिळाली, आणि तिथली एक सवय घरी आली ती कुसाबाईच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, वाट्याला. कारखान्यात हत्यारांची फळी असायची. प्रत्येक पान्याची, प्रत्येक पंचाची जागा त्यात कोरलेली. सुटीआधी फळी बघायची. एक खाच जरी रिकामी दिसली तरी कोणी घरी जायचं नाही, कारण हरवलेला पाना विमानाच्या पोटात राहिलेला असू शकतो. आणि ज्याच्या हातून हरवला त्याने लगेच सांगायचं. सांगितलं तर विमान थांबतं, माणूस सुटतो. लपवलं तर विमान उडतं, मग कोणीच सुटत नाही. हे पुंजा दर पाहुण्याला ऐकवायचे. पाहुणे चहा गार करत ऐकायचे.

घरी त्यांनी सागाच्या तुकड्याची तशीच फळी केली. सात वार, सात खाचा, त्यांच्या प्रेशरच्या गोळीसाठी. रविवारी कुसाबाईने खाचा भरायच्या, रोज चहाआधी पुंजांनी एक गोळी उचलायची. खाच रिकामी म्हणजे गोळी पोटात. कुसाबाई म्हणायची, आमच्या घरी एक वेळ देवाचा दिवा राहील, यांची गोळी नाय राहायची.

तसा माणूस वाईट नव्हता, पण बारीक. आमटीत मीठ कमी पडलं की सांगणार, जास्त पडलं की सांगणार, बरोबर पडलं की गप्प. चपातीची कड बोटांत धरून बघायचे. बोटंच तशी तयार झाली होती. डोळे मिटून रिव्हेट हातात दिला तरी माप सांगायचे.

कोरोनाचं दुसरं वर्ष लागलं. मार्चमध्ये शेजारचे वाल्मीक आप्पा आठ दिवसांत गेले. त्यांनाही प्रेशर, त्यांचीही हीच गोळी. त्याच आठवड्यात भजनी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज फिरला, की ही गोळी घेणाऱ्याच्या अंगात कोरोनाला जास्त दारं मिळतात. कुसाबाई चौथी शिकलेली. तिने मेसेज तीनदा वाचला आणि नाशिकला लेकीला फोन लावला. लेक पूजा, शाळेत विज्ञान शिकवते.

पूजाने नीट समजावलं. फुप्फुसातल्या पेशींच्या अंगावर एक एन्झाइम असतं, एसीई-टू नावाचं. म्हणजे दारात उभा असलेला कामाचा गडीच समज. रक्ताच्या नळ्या आवळणारा एक रस अंगात तयार होतो, तो तोडून नळ्या सैल ठेवायच्या, हे त्याचं काम. कोरोना येतो तो नेमका त्याचाच हात धरून आत शिरतो. गडी आत ओढला जातो, आणि दारातलं काम करायला मागे कोणी राहत नाही.

"म्हणजे घरातलाच फितूर," कुसाबाई म्हणाली.

"फितूर नाही गं आई. तो बिचारा आपलं काम करत उभा असतो."

गोळीने असे गडी वाढत असतील अशी शंका काहींनी काढली होती, पण ती कुठे खरी ठरलेली नाही, आणि गोळी बंद करू नका असंच सगळे मोठे डॉक्टर सांगतात, हेही पूजा दोनदा बोलली. कुसाबाईने ते ऐकलं. नाही असं नाही. पण फोन ठेवून ती ओट्यापाशी बसली आणि तिने आपला हिशोब मांडला. प्रेशर माणसाला न्यायला वीस वर्षं घेतं. आप्पांना आठ दिवस पुरले. साथ सरेपर्यंत दोन महिने गोळी नसली तर काय बिघडतंय?

पुंजांना सांगून उपयोग नव्हता, ते फळीच्या बाहेर जाणारे नव्हते. मग तिने स्वतःची कॅल्शियमची गोळी घेतली, अर्धी केली, आणि चंदनाच्या सहाणेवर घासघासून गोल केली. अशा सात केल्या. खाचेत ठेवल्यावर तिचं तिलाच वाटलं, चांगली जमली. तीन रविवार तिने तशा घासल्या. मध्येच पुंजा म्हणायचे, सकाळी डोकं जड वाटतंय. ती म्हणायची, ऊन किती तापलंय.

एप्रिलमध्ये ताप आला, मग दम. नाशिकमध्ये दोन दिवस फिरल्यावर एक खाट मिळाली. पुंजा आपल्या पायांनी वॉर्डात गेले, दारातून हात केला. त्यानंतर आत कोणाला सोडेनात. कुसाबाई आणि पूजा समोरच्या मेडिकलच्या पायरीवर बसून राहायच्या. रोज दुपारी डॉक्टर संजनाचा फोन यायचा, पोरगी पूजापेक्षाही लहान असेल. आज ऑक्सिजन एवढा, आज तेवढा. कुसाबाईला आकडे कळत नव्हते, पूजाच्या तोंडावरून कळायचे.

चौथ्या दिवशी श्वासाचं मशीन लावलं. पूजा औषध आणायला गेली होती, फोन कुसाबाईच्या हातात होता. हरवलेला पाना तिच्या पोटात तीन आठवडे होता. तिने सांगून टाकलं. मेसेज, सहाण, सगळं.

मग डॉक्टर म्हणाली, "मावशी, गोळी बंद करायला नको होती. पण त्यामुळेच हे झालं असं मला म्हणता येत नाही. नाही झालं, असंही म्हणता येत नाही. आणि आता त्यांचं प्रेशर उलट खाली चाललंय, ती गोळी आम्ही देतच नाहीये."

कुसाबाईला वाटलं होतं, पोरगी रागावेल. रागावली असती तर बरं झालं असतं.

"आणि हे आम्हाला माहीत आहे," डॉक्टर पुढे म्हणाली. "काका आले त्याच दिवशी बोलले. तीन आठवडे गोळी घेतलेली नाही, माझी मीच बंद केली, तसं कागदावर लिहून घ्या, म्हणाले."

कुसाबाईने फोन दुसऱ्या कानाला लावला, जणू त्या कानाला वेगळं ऐकू येणार होतं. मग तिने एवढंच मागितलं, की मला आत सोडा, एकच गोष्ट विचारायची आहे. डॉक्टर म्हणाली, सोडता येत नाही मावशी, आणि आता ते झोपेच्या औषधावर आहेत, त्यांना ऐकू येणार नाही.

पुंजा सहाव्या दिवशी गेले. घरी आणू दिलं नाही.

पुढच्या वर्षी कुसाबाईलाही प्रेशर निघालं. गोळी तीच लिहून मिळाली. रविवारी ती फळी भरते, खऱ्या गोळ्यांनी, आणि सकाळी उचलली की आधी अंगठ्यात आणि बोटात धरून बघते. कड गुळगुळीत, कारखान्याची. घासलेली कड बोटाला लगेच लागते, अगदी तिच्या बोटालासुद्धा. तिने ते करून पाहिलं आहे.

मग ती फळीकडे बघून बोलते. पूजा आली की म्हणते, आई, कोणाशी बोलतेस? कुसाबाई म्हणते, तुझ्या पप्पांशी, दुसरं कोण आहे? रोज तेच विचारते. आमटीत चिमूटभर मीठ कमी पडलं तरी बोलायचा तुम्ही. मग एकवीस दिवस ते गिळताना का नाही बोलला?