चिंधीभाऊंचं पांढरं इंजिन

चिंधीभाऊंचे हात कायम तेलकट असत, पण त्यांच्या खांद्यावरची चिंधी मी कधी मळलेली पाहिली नाही. बायकोचं जुनं सुती लुगडं फाडून त्यांनी पाच-सहा चिंध्या केल्या होत्या. दिवसभर वापरायच्या, संध्याकाळी साबणानं धुवायच्या आणि जीपच्या बंपरवर वाळत घालायच्या. धानोरा ते गडचिरोली सीटा वाहणारी त्यांची जीप लोक त्या चिंध्यांवरूनच ओळखत. खऱ्या नावानं त्यांना हाक मारणारे फक्त आरटीओवाले.

सकाळी गाडी भरली की भाऊ स्टिअरिंगवर बसायच्या ऐवजी खाली उतरत, बोनेट उघडत आणि इंजिन पुसायला लागत. टपावर तेंदूपानाचे गठ्ठे चढलेले, आत माणसावर माणूस, आणि हे आपले चिंधी फिरवून राहिलेले. एकदा बाजाराला निघालेली एक म्हातारी चिडून म्हणाली, “भाऊ, तिले पुसून राह्यला का हळद लावून राह्यला?” भाऊंनी मानही वर केली नाही. “बाई, तोंड पाहून राह्यलो तिचं. बरं नसंल तर तिथंच दिसते.”

ही सवय मात्र त्यांना पहिल्यापासून नव्हती. मी कॉलेजला जायला लागले तेव्हा ते सरळ चावी फिरवून निघत. त्यांच्या मागच्या सीटवर खिडकीशी माझी जागा ठरलेली होती. माझे बाबा तलावात मासे धरणारे, आई लोकांच्या बांधीत धानाच्या रोवण्याला जाणारी. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली आणि बीएस्सी झालेलीही पहिलीच. सांगण्यासारखं आहे म्हणून सांगते. भाऊंना त्याचं माझ्यापेक्षा जास्त अप्रूप. मला ते नावानं कधी बोलवत नसत. “कॉलेजवालीले जागा द्या,” एवढं म्हटलं की लोक सरकत.

दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत रसायनशास्त्राच्या पेपरला निघालो आणि जंगलातल्या चढावर इंजिन जाम झालं. इंजिनाखालच्या चेंबरमधलं तेल गळून गेलं होतं. तेल कमी झालं की लागणारा दिवा तर कधीचाच बंद. भाऊंनी खाली वाकून पाहिलं, तर सगळं काळंकिट्ट, जुना मळ कुठला आणि ताजं तेल कुठलं ते कळेना. पाऊण तासानं बांबूचा एक ट्रक आला, त्यात मला बसवून ते स्वतःही आले. कॉलेजचं फाटक बंद झालं होतं. भाऊंनी शिपायाला हात जोडले, मग परीक्षेच्या सरांना जोडले. काही झालं नाही. तो पेपर मी सहा महिन्यांनी काढला आणि विसरून गेले.

पुढं पदवी झाली, आणि चंद्रपूरला एका पावडर कोटिंगच्या कारखान्यात मला नोकरी लागली. लोखंडावर रंगाची भुकटी बसवून भट्टीत भाजायची, की रंग कातडीसारखा चिकटतो. गिऱ्हाइकाला कोणतं काम, कोणता रंग ते सांगणं माझ्याकडं होतं. एक दिवस दारात चिंधीभाऊ उभे. पाठीवर पोतं, पोत्यात इंजिनावरचं टॅपेट कव्हर, खालचं चेंबर आणि दोन-चार ब्रॅकेट. इंजिन पूर्ण उघडलं होतं म्हणे, तेव्हा एकदाचा रंगही देऊन टाकू. “कॉलेजवाली, असा रंग सांग जो टिकंल अन् एका पुसण्यात साफ होईल.”

मला स्फुरण चढलं. क्रोम चमकतो, पण खालून गंज धरला की पापुद्रे निघतात. चांदीरंग स्वस्त, पण डिझेलच्या फडक्यानं तोच निघून येतो. खरखरीत रंग दिसायला छान, पण त्याच्या खाचांत धूळ बसते. गुळगुळीत पावडर सगळ्यांत चांगली. धूर निघतो त्या तापणाऱ्या भागावर मात्र ती टिकायची नाही, तो तसाच ठेवा. एवढं सगळं सांगून मी काळ्या रंगाचा नमुना त्यांच्यापुढं धरला. म्हटलं, “भाऊ, सगळे काळाच नेतात. महिनाभर पुसलं नाही तरी मळ दिसत नाही.”

“अन् पांढरा नाई का?”

मी हसले. आमचे मालक तर म्हणाले, इंजिनाला काय शाळेत घालायचं आहे? भाऊ दोघांचं हसू संपेपर्यंत थांबले.

“काळ्यावर तेल दिसत नाई. त्या खेपेस चेंबर चार दिवसांपासून गळून राह्यलं असंल. मले दिसलंच नाई अन् तुहा पेपर गेला.”

“भाऊ, तो पेपर मी कधीचाच काढला.”

“तू काढला. माह्याच्यानं नाई निघाला. आता तुह्या जागेवर दुसऱ्या पोरी बसतात.”

पांढऱ्याचा डबा मी स्वतः आणला. घाई मात्र नडली. कव्हर धुऊन थेट रंग दिला आणि भट्टीतून काढलं तर अंगभर फोड. जुन्या अॅल्युमिनियमच्या छिद्रांत मुरलेलं तेल आधी रिकामंच भाजून बाहेर काढावं लागतं, हे मला पाठ होतं, पण भाऊंना दाखवायच्या नादात राहून गेलं. मी मान खाली घातली. भाऊंनी फोडांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “वीस वर्षं तेल पेलं त्यानं. एका दिवसात कसं सोडंल? बस, मी थांबतो.” सगळा रंग उतरवून पुन्हा भाजायला दोन दिवस लागले. भाऊ मुक्कामाला राहिले, रागाचा एक शब्द नाही.

मागच्या हिवाळ्यात भाऊ गेले. थोडंसंच दुखणं झालं. मी धानोऱ्याला गेले तेव्हा जीप अंगणात उभी होती. त्यांचा मुलगा म्हणाला, सोमवारपासून गाडी काढतो, पोरींचे पेपर सुरू होत आहेत. त्यानं बोनेट उघडलं. कव्हर दुधासारखं होतं, फक्त एका कोपऱ्याखाली तेलाची बारीक तपकिरी रेघ. तो ओशाळला. “ताई, तुमच्याकडं आणून देतो, याले काळं मारून द्या न. पांढरं लई मळते.”

मी बंपरवरची चिंधी उचलली. वाळून कडक झाली होती. एकदाच फिरवली आणि रेघ गेली. मग त्याला गाडी चालू करायला सांगितलं. पाचेक मिनिटं आम्ही दोघं त्या कोपऱ्याकडं पाहत राहिलो. रेघ पुन्हा हळूहळू उतरली.

“दिसलं?”

“दिसलं, ताई.”

“मग कव्हरखालचं पॅकिंग बदल.”

त्यानं गाडी बंद केली. काळ्याची गोष्ट पुन्हा काढली नाही. पॅकिंग आणायला बाजाराकडं निघाला, तेव्हा चिंधी त्याच्या खांद्यावर होती.