खाडीतला पलीकडचा पट्टा

मसुऱ्याच्या खालच्या अंगाला खाडी रुंद होते, तिथे माझ्या मावशीचं घर आहे. आई-बाबा नोकरीसाठी बाहेरगावी असत, म्हणून शाळेची सगळी वर्षं मी मावशीकडेच काढली. ती खाडीत तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढते. सुकती लागली, पाणी ओसरलं की गुडघाभर पाण्यात उतरायचं, वाळूत पायाने चाचपायचं आणि शिंपलं लागलं की वाकून हाताने उपसायचं. पुढे मी सागरी जीवशास्त्र शिकले. संशोधनासाठी विषय निवडायची वेळ आली तेव्हा फार विचार न करता मी तिसऱ्याच निवडल्या. मावशी म्हणाली, "इतक्या शिकलंस आणि परत चिखलातच इलंस गो?" पण ती गावभर सांगत मात्र फिरली.

काही वर्षं मी ती खाडी तपासत होते. वाळूचे नमुने घ्यायचे, शिंपल्या मापायच्या, काही उघडून बघायच्या. जे दिसलं ते काळजीचं होतं. तिसऱ्या आकाराने लहान होत चालल्या होत्या. पाऊस ओसरल्यावर त्या अंडी सोडतात, आणि नेमकं त्याच सुमारास, गणपती पोचवून झाल्यावर, लोक पुन्हा मासळीकडे वळतात. म्हणजे बऱ्याचशा तिसऱ्या पोरंबाळं व्हायच्या आधीच कढईत जात होत्या.

हे सगळं मी ग्रामसभेत मांडलं. शाळेच्या भिंतीवर पडदा लावला, नकाशे दाखवले, आलेख दाखवले. लोकांनी शांतपणे ऐकलं. आमचा सरपंच शाळेत माझ्या पुढच्या वर्गात होता, आता आंबा-काजूची बाग सांभाळतो. सभेत तो प्रमाण मराठीत बोलतो, बाहेर पायरीवर आला की मालवणीत.

"अभ्यास चांगला झालाय," तो म्हणाला. "पण ग्रामपंचायतीनं नेमकं काय करायचं?"

"अंड्यांच्या दिवसांत तिसऱ्या काढणं थांबवायला हवं."

"सगळ्या खाडीत?"

"निदान अलीकडच्या वाळूच्या पट्ट्यात तरी. बारीक शिंपल्या सगळ्यात जास्त तिथेच आहेत."

मागच्या रांगेतल्या बायकांची कुजबुज थांबली. कोणी विरोध केला नाही, कोणी हो म्हटलं नाही. सरपंचाने विषय पुढच्या सभेकडे ढकलला आणि पाण्याच्या टाकीचं बोलणं निघालं.

  घराच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, आल्यावर मावशीने चपला काढल्या, पायांवर पाणी घेतलं आणि मग म्हणाली, "तुझ्या नकाशात आमी खंय आसंव?"

माझ्या नकाशात शिंपल्या होत्या, बायका कुठेच नव्हत्या. ती पुढे म्हणाली, "उद्या सुकतीक माझ्यावांगडा ये. मापां घेव नको. नुसता बग."

दुसऱ्या दिवशी अलीकडच्या पट्ट्यात तिच्याबरोबर उतरले. तिथे येणाऱ्या बायकांना मी लहानपणापासून ओळखत होते, पण कोण कुठे उतरतं आणि का, हे कधी विचारलं नव्हतं. तरण्या बायका होडीतून पलीकडच्या पट्ट्यात जात, तिथे पाणी खोल आणि तिसऱ्या मोठ्या. अलीकडे उतरत त्या गुडघे गेलेल्या, तब्येतीने नाजूक, नाहीतर अंगावर पिणारं मूल काठावर निजवून आलेल्या. शेजारची थोरली काकी तर पाण्यात चक्क बसून काढत होती. तिने मला जवळ बोलावलं.

"हो पट्टो बंद केलास तर मी खंय जावचा गो? माका होडयेत चढाक जमणा नाय."

"काही महिन्यांपुरतंच, काकी."

"तितके म्हयने घरात कोण बोलतला माझ्याकडे? हंय चार बायका भेटतत." असं म्हणत तिने हातातली एक बारकी शिंपली पुन्हा वाळूत टोचून ठेवली, आणि माझं लक्ष गेलेलं बघून, लहान पोरीबद्दल बोलावं तसं हसून म्हणाली, "ही आजून चेडूच आसा."

मी त्या सकाळी तिथेच बसून राहिले. पाणी पुन्हा भरायला लागलं तशा बायका एकेक करून काठावर आल्या, कोणीतरी चहाची किटली आणली. मावशीने तिथेच विषय काढला. तिसऱ्या लहान होतायत हे त्यांच्यातल्या प्रत्येकीला दिसत होतं, त्याबद्दल वाद नव्हता. काहीतरी बंद ठेवायला हवं हेही त्यांना पटत होतं.

"बंद करूचा तर पलीकडचो पट्टो करा," होडी वल्हवणारी एक धट्टीकट्टी बाई म्हणाली. "आमी तरण्या आसंव, आमी दुसरीकडे जातलंव."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मावशीने विचारलं, "पलीकडचो चलात?"

"माहीत नाही," मी म्हणाले. "मी पिल्लं कुठे आहेत तेवढंच बघितलंय. पलीकडे ती फारशी नाहीत."

"पण आवशी तंयच आसत," मावशी म्हणाली. "मोठ्यो सगळ्यो तंयच. आवस ऱ्हवली तर पोरां जातली खंय?"

आई राहिली तर पिल्लं कुठे जातील, हा प्रश्न माझ्या अभ्यासात नव्हता. मला तो मनापासून आवडला, आणि थोडी भीतीही वाटली, कारण उत्तर काय येईल ते ठाऊक नव्हतं. नवीन अर्ज केला, परवानगी घेतली आणि पुढचा हंगामभर मी पलीकडच्या पट्ट्यात काम केलं. मावशी माझ्याबरोबर होडीत यायची. बारीक जाळी पाण्यात धरायला ती शिकली, आणि सूक्ष्मदर्शकातून तिसरीचं पोहणारं पिल्लू बघितलं तेव्हा बराच वेळ डोळा काढेना. "ह्या इतक्या बारीक आसता?" एवढंच म्हणाली. त्या रात्री जेवताना तिने ते सगळ्या घराला हाताने काढून दाखवलं.

उत्तर तिच्या बाजूने झुकलं. मोठ्या तिसऱ्या लहान तिसऱ्यांच्या मानाने कितीतरी जास्त अंडी सोडतात, आणि भरतीचं पाणी पलीकडून अलीकडे पिल्लं वाहून आणतं असं दिसत होतं. खात्री नव्हती, पण करून बघण्याइतका आधार होता. मी तसंच सांगितलं, खात्री नाही हेही सांगितलं.

या वेळी ठराव लगेच झाला. पाऊस सरल्यापासून थंडी संपेपर्यंत पलीकडचा पट्टा बंद, आणि अलीकडच्या पट्ट्यातून बारक्या शिंपल्या परत वाळूत. सभा संपल्यावर सरपंच बाहेर पायरीवर येऊन म्हणाला, "ठराव झालो. पण देवीकडे गाऱ्हाणा घालूक व्हया. कागद कोण वाचता?"

देवळात गावच्या मानकऱ्याने गाऱ्हाणं, म्हणजे गावातर्फे देवीची प्रार्थना, घातलं. हात जोडून, डोळे मिटून त्याने देवीला सांगितलं, की ही तुझी लेकरं पायाशी आली आहेत, पलीकडच्या पट्ट्यातल्या तिसऱ्यांना सुखाने नांदू दे, त्यांची पोरंबाळं खाडीभर पसरू देत, आणि कोणाची नजर वळली तर त्याला वेळीच शहाणपण दे. दर वाक्याला सगळे म्हणत होते, "होय म्हाराजा." माझ्या संशोधनाचा इतका नेमका सारांश मला स्वतःला कधी करता आला नव्हता. मीही म्हटलं, "होय म्हाराजा."

पलीकडच्या पट्ट्याभोवती बांबू रोवले. पहिली कसोटी आमच्याच घरावर आली. मावसभावाचं लग्न जमत होतं आणि मुलीकडची माणसं तळेऱ्याहून यायची होती. त्यांनी आधीच कळवलं होतं, की खाडीकाठी येतोय तर तिसऱ्या खाऊनच जाऊ. आणि त्या आठवड्यात अलीकडच्या पट्ट्यात पाहुण्यांपुढे वाढण्याजोगं काही मिळत नव्हतं. आदल्या संध्याकाळी मावशी काठावर उभी राहून बांबूंकडे बघत होती. मी मागे जाऊन उभी राहिले.

"एक टोपली काढली तर कोणाक कळाचा नाय," ती म्हणाली.

 तिला अडवण्याचा अधिकार मला होता असं वाटलं नाही.

"माका कळात," ती म्हणाली आणि वळली.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना तिने काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे वाढले. मुलीच्या वडिलांनी तिसऱ्यांची चौकशी केली तेव्हा तिने सरळ सांगितलं, "त्यो बाळंतिणी आसत. थंडी सरल्यार या." पाहुणे आधी बुचकळ्यात पडले, मग मी सगळं समजावून सांगितलं. लग्न ठरलं. सून त्यावरून अजून मावशीला चिडवते.

पुढच्या वर्षी अलीकडच्या पट्ट्यात बारीक शिंपल्या दाट दिसायला लागल्या. काकीने मूठभर वाळू माझ्यासमोर धरली. "बग. आमच्यामुळे झाला मा ह्या?"

"एका वर्षावरून तसं सांगता येत नाही, काकी. पाऊसही या वर्षी वेगळा होता."

"बरा. तू सांगा नको," ती म्हणाली. "आमी सांगतंव."

आणि त्यांनी सांगितलंच. शेजारच्या गावातल्या बायका विचारायला आल्या, मग ओरोसहून जिल्ह्याच्या कचेरीतून बोलावणं आलं, ही पद्धत दुसऱ्या खाड्यांत चालेल का म्हणून. मी मावशीला बरोबर नेलं. वाटेत ती प्रमाण मराठीची उजळणी करत होती. साहेबांसमोर तिने सुरुवातही छान केली, "साहेब, आम्ही असं ठरवलं की..." आणि दोन वाक्यांत मालवणीवर आली. साहेबही मालवणीच निघाले. मग मला फारसं बोलावंच लागलं नाही. त्यांनी विचारलं, दुसऱ्या खाडीत कुठला पट्टा बंद ठेवायचा? मावशी म्हणाली, "ता आमी कसा सांगतलंव? तंयच्या बायकांका इचारा. आणि ह्या चेडवाक घेवन जावा, ता मापां घेतला."

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. मग मला कोपराने ढोसलं.

"खडकावरची कालवां पण कमी झाली हत गो. तेंचा काय?"

"कालवांचं मला काहीच माहीत नाही, मावशी."

"मगे शिक," ती म्हणाली, आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपून गेली.