आईचं उघडं तोंड

"तोंड उघड बघू. आईसारखं."

हे मला सर म्हणाले. माझ्या कामाच्या जागेवर म्हणाले. गावातल्या मस्तगड भागात रशीदभाईंचा फोटो स्टुडिओ आहे, तिथं कॉम्प्युटरसमोर मी बसले होते. स्क्रीनभर माझी आई होती. सर माझ्या खुर्चीमागं उभे होते आणि त्यांच्या अत्तराचा वास माझ्या मानेवर येत होता.

सर म्हणजे बियाण्यांचा धंदा असलेल्या एका मोठ्या घराण्यातले. हौशी लोकांना फोटोग्राफी शिकवतात, म्हणून सगळं गाव त्यांना सर म्हणतं. दर रविवारी त्यांची मंडळी गळ्यात कॅमेरे अडकवून निघते. भाजीबाजार, रिक्षा स्टँड, मजुरांचा नाका, एमआयडीसीची गेटं. रस्त्यावरचं जगणं टिपायचं, असं ते म्हणतात. इतक्या वर्षांतल्या त्या फोटोंचं प्रदर्शन भरणार होतं आणि प्रिंट, फ्रेमचं काम आमच्याकडं आलं होतं. सर पेनड्राइव्ह घेऊन आले, मी फाईल उघडली आणि आई समोर आली.

डोक्यावरचा पदर खाली पडलेला. केस सुटलेले. तोंड उघडं, आतपर्यंत दिसेल एवढं. डोळे सरळ माझ्याकडं.

"हे तोंड बघ," सर म्हणाले. "असं तोंड मिळायला नशीब लागतं. हा मी काढलेला फोटो मधोमध लावायचा. मागं ते पोतं-बितं दिसतंय ना, ते अजून पुसट कर. उगाच नजर तिकडं जाते."

मी म्हटलं, "सर, ही माझी आई आहे."

मला वाटलं, ते गडबडतील. निदान गप्प होतील. ते तर खूश झाले. लॉटरी लागल्यासारखे.

"काय सांगतेस! मग उद्घाटनाला तू यायचंच. फोटोशेजारी उभं राहायचं. लोकांना कळू दे, ही खरी माणसं आहेत." त्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि ते वाक्य म्हणाले. तोंड उघड बघू.

काहीतरी बोलायला म्हणून मी तोंड उघडलं. शब्द आलाच नाही. तोंड तसंच राहिलं.

"बराबर! अस्संच!" सर म्हणाले आणि क्लिक झालं.

पासपोर्ट फोटोसाठी आलेल्या दोन बायका काउंटरपाशी उभ्या होत्या, त्या हसल्या. सरही हसले. मला अंगावरचे कपडे कुणीतरी ओढून काढल्यासारखं वाटलं. सर गेल्यावर मी पाणी प्यायला उठले, तर ग्लास ओठाला लावता येईना.

रशीदभाई आत होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते बाहेर आले, स्क्रीनकडं बघितलं आणि नजर खाली घातली. "पुराना गिऱ्हाईक है बेटा," एवढंच म्हणाले. त्यांचंही चुकलं असं मी म्हणत नाही. दुकान चालवायचं असतं.

माझं काम काय आहे ते सांगते. लग्नाचे अल्बम, आधारकार्डाचे फोटो हे तर आहेच. पण मला गावात ओळखतात ते वेगळ्या कामासाठी. मेलेल्या माणसाचा नीट फोटो बऱ्याचदा घरात नसतो. म्हातारा गेला की नातेवाईक मोबाईल घेऊन येतात, त्यात प्रेताचा फोटो. नाकात कापूस, डोळे मिटलेले, जबडा उघडा. मी कॉम्प्युटरवर कापूस काढते. डोळे उघडते. तोंड मिटते. बाईच्या डोक्यावर पदर घालते, बाप्याला कोट घालते, मागं निळं आकाश टाकते. मग तो फोटो हार घालून भिंतीवर लागतो. रशीदभाईंनीच शिकवलं मला. "मुर्दे की आँख खोलने की, मूं बंद करने का. घरवालोंकू चैन पडता." हिंदू, मुसलमान, आम्ही बौद्ध, सगळे त्याच खुर्चीवर बसून सांगतात, ताई, जिवंत वाटला पाहिजे.

सरांनी पोतं पुसट करायला सांगितलं होतं. पुसट करायचं तर आधी फोटो मोठा करावा लागतो. मी केला. पोत्याला पाय होते. पोत्याच्या गळ्यात निळा गमछा होता.

तो गमछा मी स्वतः घेतला होता. माझा बाप होता तो.

बाप एमआयडीसीत सळयांच्या मिलमध्ये कामाला होता. लालबुंद सळी रुळांतून निघते, ती चिमट्यानं धरून पुढं सरकवायची. काही वर्षांपूर्वी एका दिवशी सळी उसळली आणि त्याच्या मांडीत घुसली. त्याला गेटबाहेर आणून निजवलं. आई डबा घेऊन तिथं पोचलेलीच होती. ॲम्ब्युलन्स आली नाही. शेवटी भंगाराच्या टेम्पोत घालून नेलं आणि दवाखाना यायच्या आत तो गेला. आई इतकंच सांगायची: "गाडी मिळाली न्हाई." त्यापुढं कधी बोलली नाही, आम्हीही विचारलं नाही. पण त्या दिवशी रविवार होता, हे मला आठवत होतं.

ते तोंड माझ्या मागं लागलं. भाकरी भाजताना तव्यावर दिसायचं. रिक्षात समोर बसलेली बाई जांभई देई, मला आई दिसे. आरशात बघणं मी सोडलं, कारण आरशात माझं तोंड होतं, सरांच्या मोबाईलमध्ये गेलेलं. आई चुलीपाशी बसून काही बोलायला लागली की मी दचकायचे. ती मीठ मागायची आणि मला वाटायचं, आता ओरडेल.

फोटो थांबवणं माझ्या हातात नव्हतं. मला जे येत होतं ते मी केलं. सरांच्या फाईलची कॉपी काढली, दार लावून बसले आणि आईचं तोंड मिटलं. ओठावर ओठ आणले. कपाळावरचे केस आवरले. डोक्यावर पदर घातला, काठासकट. इतकं नीट काम मी कुणाचंच केलं नव्हतं. आई शांत दिसायला लागली, विहारात वंदनेला बसल्यासारखी. सरांच्या फ्रेममध्ये हाच घालायचा, कुणाला काय कळतंय, असं ठरवून मी प्रिंट काढली आणि आधी आईला दाखवायला घरी नेली.

आईनं प्रिंट हातात धरली. उजेडाकडं धरून बघितली.

"हे कोन हाय?"

"तूच की. मिलच्या गेटपाशी. त्या दिवशीचा."

"माझं तोंड असं नव्हतं."

"मी मिटलं, आई. चांगलं दिसत नव्हतं."

तिनं प्रिंट खाली ठेवली. "मेलेल्याचं तोंड मिटत्यात. म्या मेल्ते का तवा?"

 मग मी मोबाईलमध्ये सरांचा मूळ फोटो काढून तिच्यासमोर धरला. ती रडली नाही. बोट ठेवून दाखवायला लागली. "हा तुझा बाप. हितं रस्ता. ह्या अंगाला लिंबाखाली त्यांच्या गाड्या लावेल होत्या, पांढऱ्या. म्या पळत गेल्ते. हा कॅमेरावाला पुढं होता. त्याला म्हनलं, दादा, गाडी द्या वो, मानूस जाऊन राह्यला."

"मग?"

"मंग त्यानं हात वर केला. असा." आईनं पंजा माझ्यासमोर धरला. "मला वाटलं, थांबा म्हनतोय, चावी काढतोय. म्हनून म्या थांबले. हलले न्हाई. वरडतच होते, पन हलले न्हाई. त्यानं फोटू काढले, मान डोलवली आन् तिकडं निघून गेला. मंग म्या टेम्पोकडं पळाले."

म्हणून इतकी वर्षं ती त्यापुढं बोलली नव्हती. गाडी मिळाली नाही, हे ती सांगू शकत होती. आपण तिथं थांबलो, हे तिला कुणाला सांगता येत नव्हतं. नवरा जमिनीवर रक्तात पडलेला आणि आपण एका माणसाचा हात वर झाला म्हणून उभ्या राहिलो. पिढ्यानपिढ्या आमच्या लोकांना तेच वळण लावलंय. साहेबाचा हात वर झाला की पाय आपोआप थांबतात. माझंही तोंड त्या दिवशी स्टुडिओत त्यानं सांगितलं तसंच उघडं राहिलं होतं. मला त्याचा संताप आला.

"फोटूखाली काय लिवणारेत?" आईनं विचारलं.

प्रत्येक फोटोखाली लावायच्या नावाच्या चिठ्ठ्याही छापायला पेनड्राइव्हमध्ये दिल्या होत्या. मी सांगितलं, "मौन."

"म्हंजी?"

"गप्प बसणं."

आई हसली. तसं हसणं मी पुन्हा ऐकायला नको. मग माझी प्रिंट उचलून तिनं चुलीत घातली. "खरा लाव," म्हणाली. "बिलकुल मिटू नको. पन म्या काय म्हनत होते ते खाली लिव."

उद्घाटनाला आम्ही दोघी गेलो. आई पांढऱ्या लुगड्यात होती, डोक्यावर पदर न घेता. हॉलमध्ये गार हवा, समोशांचा वास, पाहुणे. मधोमध ती फ्रेम. पोतं मी पुसट केलं नव्हतं. लोक फोटोपाशी येत होते, मान तिरकी करून "काय एक्स्प्रेशन आहे" म्हणत होते आणि फोटोतली बाई त्यांच्या शेजारी उभी होती, ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

मी पुढं गेले. "मौन" लिहिलेली चिठ्ठी नखानं उपटली. पर्समधून कागद काढला, फ्रेमखाली चिकटवला आणि मार्करनं लिहायला लागले. दादा, गाडी द्या वो.

सरांनी मला बघितलं. माणसांतून वाट काढत आले आणि हात वर केला. पंजा समोर धरून.

"ए, थांब!"

माझा हात थांबला. खरंच थांबला. मार्करचं टोक कागदावर टेकलेलं, तिथं शाईचा ठिपका पसरायला लागला.  मग शेजारून आईचा आवाज आला, अगदी साधा, मीठ मागावं तसा.

"लिव."

मी लिहिलं. मानूस जाऊन राह्यला.

सर म्हणाले, "हे बघा, तुमच्या भावना मी समजू शकतो. पण ही कला आहे. रस्त्यावरचा क्षण कुणा एकाचा नसतो." मग आवाज खाली आणून मला म्हणाले, "तुम्हा लोकांना इज्जत द्यायला जावं, तर हे असं."

आई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "दादा," ती म्हणाली, "तवा तुमची गाडी कुठं होती?"

सरांनी पाहुण्यांकडं बघितलं. एका पाहुण्यानं आईच्या तोंडासमोर मोबाईल धरला. मी त्याच्या कॅमेऱ्यावर हात ठेवला. म्हटलं, "आधी तिला उत्तर द्या. मग काढा." त्यानं मोबाईल खाली घेतला. एक बाई डोळे पुसत होती. तिच्या रडण्यानं मला काहीही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले तर माझा कागद काढलेला होता आणि "मौन"ची नवी चिठ्ठी लागली होती. मी ती उपटली. परत लिहिलं. वॉचमननं मला बाहेर काढलं. रशीदभाईंना फोन गेला. "बेटा, कुछ दिन घरपेच रह," ते म्हणाले. स्टुडिओतलं काम सुटल्यातच जमा आहे. मयताचे फोटो आता मी घरीच करते. मेलेल्यांची तोंडं अजूनही मिटते.

आईला आता झोपेत ओरडायची सवय लागलीय. शेजारी म्हणतात, डॉक्टरला दाखवा. मी तिला उठवत नाही. इतकी वर्षं आत अडकलेलं आहे, निघू दे.

ते प्रदर्शन आता पुण्याला जाणार म्हणे. मग मुंबईला. जाऊ दे. मार्कर माझ्या पर्समध्ये आहे. माझ्या आईचा तो फोटो ज्या भिंतीवर लागेल, त्या भिंतीखाली तिचं वाक्य मी लिहिणार. फाडलं तर परत लिहिणार. सरांनी हात वर करावा, वॉचमननं करावा, पोलिसांनी करावा. मी थांबणार नाही.