चिंध्यांचा ससा

आमच्या अकोल्याच्या गल्लीत ब्लाउज शिवणाऱ्या एक काकू आहेत. त्या तोंडात टाचण्या धरूनच बोलतात, आणि त्यांचं बोलणंही तसंच टोचतं. कितीही कापड द्या, ब्लाउज परत करताना त्या म्हणणारच, "तुकडाभर बी उरलं नाई वं माय, कसाबसा बसवला." आम्ही सगळ्याजणी ऐकून गप्प बसतो, कारण त्यांच्यासारखी बाही गावात कोणी बसवत नाही.

माझं कुत्र्याचं पिल्लू चपला फाडायला लागलं, तेव्हा त्याला एखादं कापडी खेळणं शिवून द्याल का, असं मी त्यांना विचारलं.

"कुत्र्याले खेळनं? म्या माह्या पोराईले नाई शिवलं!" असं म्हणत त्यांनी टेप काढला आणि पिल्लाच्या जबड्याचं माप घेतलं.

आठवड्याभरात ससा तयार झाला. आत घरचा कापूस ठासून भरलेला. डोळे मात्र दोऱ्याचे होते, कारण "बटन गिळलं तं?"

पिल्लू ससा तोंडात धरून गल्लीभर पळालं आणि दारादारांतून बायका बाहेर आल्या. एक कान शेजारणीच्या जांभळ्या खणाचा होता, दुसरा समोरच्या सुनेच्या लग्नातल्या जरीचा, आणि पोट माझ्या मोरपंखी सिल्कचं.

"काकू, हे तर माझं कापड!"

काकूंनी तोंडातल्या टाचण्या काढून हातात घेतल्या.

"तुयंच हाय, कोन नाई म्हंते? पाह्यजे असन तं घे काढून त्याच्या तोंडातून."