हेल्मेटचे चलन आणि खांद्यावरचा हात

निवृत्तीनंतर लोक मला खुनाच्या, दरोड्याच्या गोष्टी विचारतात. मला मात्र राहून राहून आठवते ते हेल्मेट न घातल्याच्या एका चलनाचे प्रकरण. त्यात अटक झाली नाही की पेपरात बातमी आली नाही. तरी एका माणसाचे तुरुंगात जाणे न जाणे त्या चलनावर अडले होते, आणि त्याचा संसारही.

मी तेव्हा नाशिकमध्ये औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून टपाल पाहत असताना जिल्हा परिवीक्षा म्हणजे प्रोबेशन अधिकाऱ्यांकडून आलेला लिफाफा हाती आला. आत एक निनावी पत्र, सोबत ई-चलनाची छापील प्रत, आणि ‘चौकशी करून न्यायालयास अहवाल सादर करावा’ असा शेरा.

पत्र ज्याच्याविरुद्ध होते तो तिशीतला वेल्डर. मूळचा सायखेड्याकडचा. आमच्या हद्दीत त्याचे ग्रिल आणि फाटके बनवण्याचे छोटे दुकान होते. चार वर्षांपूर्वी चांदवडला एका वरातीत भांडण झाले आणि याने लोखंडी पाइप मारून एकाचा हात मोडला. गुन्हा शाबित झाला. पण आधीचे काही रेकॉर्ड नव्हते, म्हणून न्यायालयाने शिक्षा न सुनावता त्याला दोन वर्षांच्या चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडले. लोक याला नुसते ‘बॉण्ड’ म्हणतात. अटी साध्या होत्या. महिन्याला परिवीक्षा अधिकारी मॅडमकडे हजेरी, नवा गुन्हा नाही, आणि परवानगीशिवाय जिल्ह्याबाहेर पाऊल नाही. बॉण्ड संपायला सात आठवडे उरले होते.

आता चलनाचे म्हणाल, तर हेल्मेट नसल्याच्या दंडाने कोणाचा बॉण्ड मोडत नाही. घोटाळा फोटोत होता. कॅमेरा संगमनेरजवळचा, म्हणजे नगर जिल्ह्यातला. तारीख, वेळ, ठिकाण सगळे छापलेले. हेल्मेट नसल्याने वेल्डरचा चेहरा स्वच्छ दिसत होता. मागे तोंडाला स्कार्फ बांधलेली एक बाई बसलेली होती.

माझा पहिला संशय अर्थातच चांदवडच्या फिर्यादीवर गेला. त्याला बोलावून पत्र दाखवले. त्याने ते वाचलेसुद्धा नाही.

“साहेब, मला डूख धरायचा असता तर तो सुटल्यावर दोन वर्षं थांबलो असतो का? माझा हात बरा झालाय. त्याचं तो बघेल.”

खोटे बोलणारा माणूस इतक्या लवकर उठून निघत नाही. मी त्याला जाऊ दिले.

मग वेल्डरला बोलावले. हातावर ठिणग्यांचे डाग, बसायला सांगितले तरी उभाच. मी पत्र आणि फोटो समोर ठेवले. फोटो त्याने एकदाच पाहिला. पत्र मात्र बराच वेळ धरून होता.

“मीच हाय साहेब,” तो म्हणाला. “गेलो होतो. परवानगी नव्हती घेतली.”

“कशाला गेला होतास? ही बाई कोण?”

“तेवढं नका विचारू.”

मी आवाज चढवला. सात आठवड्यांसाठी दोन वर्षांची मेहनत घालवणार का, न्यायालयाने बॉण्ड रद्द केला तर मूळ गुन्ह्याची शिक्षा भोगावी लागेल, हे समजावून सांगितले. तो मान खाली घालून ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, “जे होईल ते होऊ द्या.” बाईचे लफडे असणार, असे माझ्या मनाने तेव्हाच ठरवून टाकले. जबाबावर सही घेऊन मी त्याला सोडले.

संध्याकाळी ते पत्र पुन्हा वाचले आणि एक गोष्ट खटकली. अटीभंगाबद्दल त्यात एकच वाक्य होते. बाकी दीड पान त्या बाईबद्दल. तिची साडी कोणत्या रंगाची, ती किती चिकटून बसली आहे, तिचा हात त्याच्या खांद्यावर कसा ‘हक्काने’ ठेवलेला आहे. दुश्मनाला त्या हाताशी काय देणेघेणे? तो कलमे लिहितो. हे पत्र लिहिणाऱ्याने तो हात शंभर वेळा पाहिला होता.

हा सूर मला परका नव्हता. माझी नेमणूक मनमाडला होती तेव्हा माझी पत्नी तिथल्या शाळेत शिकवायची. एक सहशिक्षक रोज तिच्यासोबत स्टेशनपर्यंत चालत यायचा. मी गस्तीची जीप मुद्दाम त्या रस्त्याने न्यायचो आणि दोघांमध्ये किती अंतर आहे ते पाहायचो. एकदा तर तो हसला किती वेळा, हेही मोजले होते. त्याच्या बदलीची बातमी आली त्या दिवशी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही.

दुसऱ्या दिवशी गाडीची नोंदणी काढली. खरे तर ते पहिल्याच दिवशी करायला हवे होते. गाडी पत्नीच्या नावावर, मोबाइल नंबरही तिचाच. म्हणजे चलनाचा संदेश तिच्या फोनवर गेला होता आणि फोटो तिनेच उघडला होता.

महिला पोलीस शिपायाला पाठवून तिला बोलावून घेतले. पंचविशीची, नीटनेटकी. पत्र टेबलावर पाहताच तिने लपवाछपवी केली नाही.

“हो, मीच लिहिलंय. ती कोण आहे तेवढं सांगा. बाकी मला काही नको.”

“नवऱ्यालाच का नाही विचारलंत?”

“विचारलं ना. कुठं होतात त्या दिवशी? तर म्हणे, सिन्नरला साइटवर. हातात फोटो असताना माझ्या तोंडावर खोटं बोलला. नवी साडी नेसले तर बघत नाही तो, आणि तिला गाडीवर फिरवतो! मला वाटलं, प्रोबेशनवाल्या मॅडम बोलावून दम देतील, त्यांच्यापुढं तरी खरं बोलेल.”

“बाई, यात त्याला तुरुंगवास होऊ शकतो.”

ती माझ्याकडे बघतच राहिली. “एका हेल्मेटच्या चलनावरून?”

मी बॉण्डची अट वाचून दाखवली. तिने पत्राकडे हात नेला, जणू ते परत घेता येणार होते. महिला शिपायाने हलकेच तो हात धरला. मग ती रडायला लागली. रडतानाही एकदा म्हणालीच, “पण ती आहे कोण?”

याचे उत्तर माझ्या हवालदाराने शोधले. फोटो संगणकावर मोठा करून पाहत होतो. बाईच्या काखेत मोठे खाकी पाकीट होते.

हवालदार म्हणाला, “साहेब, हे एक्स-रेचं पाकीट आहे. आईचा खुबा मोडला तेव्हा दोन महिने असलंच पाकीट घेऊन फिरत होतो मी. लय ओळखीचं आहे.”

त्याला चलनाची तारीख देऊन संगमनेरला पाठवले. तिसऱ्या रुग्णालयात माग लागला. त्या दिवशी अपघातात मांडीचे हाड मोडलेल्या एका रुग्णावर तातडीची शस्त्रक्रिया झाली होती. संमतीपत्रावर दोन सह्या होत्या. पहिली रुग्णाच्या पत्नीची. दुसरी आमच्या वेल्डरची, आणि नात्याच्या रकान्यात लिहिले होते, ‘मेहुणा’.

मी वेल्डरला पुन्हा बोलावले आणि संमतीपत्राची प्रत पुढे ठेवली. या वेळी तो खुर्चीत बसला.

फोटोतली बाई त्याची थोरली बहीण होती. दहा वर्षांपूर्वी तिने जातीबाहेर लग्न केले. आईने घरात शपथ घातली की तिचे नाव काढायचे नाही. तिच्या सासरच्यांनीही दार लावून घेतले. याने मात्र फोनवर बहिणीशी बोलणे चालू ठेवले होते, चोरून. अपघात झाला तेव्हा तिला दुसरे कोणी नव्हते. दुसरा शनिवार होता, परिवीक्षा कार्यालय बंद. याने गाडी काढली. दुसऱ्या मोठ्या डॉक्टरला एक्स-रे दाखवायला बहिणीला मागे बसवून नेले, आणि कॅमेऱ्याने टिपले.

“नंतर मॅडमना सांगायचं होतंस.”

“मॅडम घरी येत्यात चौकशीला. आईसमोर विषय निघाला असता.”

“आणि बायकोला?”

“दोघी एकाच घरात असत्यात साहेब, तिच्या तोंडातून निघून गेलं असतं. भीती वाटली.”

“पत्र कोणी लिहिलं, माहीत आहे?”

“दुकानातली ऑर्डरची वही तीच लिहिते. तिची वेलांटी मी रोज बघतो.” मग म्हणाला, “बहिणीचं नाव सांगितलं असतं तर तुम्ही घरी चौकशीला आला असता, पत्र कोणाचं तेही निघालं असतं. तिला पोलीस ठाण्यात आणायचं नव्हतं मला.”

तिलाही मी बोलावले होते आणि ती बाहेरच्या बाकावर बसलेली आहे, हे मला सांगावे लागले. मी तिला आत बोलावले आणि वेल्डरला म्हणालो, आता तूच सांग. त्याने सांगितले. तिला आधी विश्वास बसेना.

“सासूबाई तर म्हणाल्या होत्या, एक मुलगी होती, ती गेली. मी समजले, वारली.”

मी फाइल घेऊन ठाणे अंमलदाराच्या टेबलाकडे निघून गेलो.

अहवालात मी काही लपवले नाही. अटीचा भंग झाला आहे, कारण जवळच्या नातेवाइकाची तातडीची शस्त्रक्रिया, संमतीपत्र सोबत जोडले आहे, असे लिहिले. परिवीक्षा अधिकारी मॅडमनीही त्याच्या वर्तणुकीबद्दल चांगले मत दिले. पहिल्याच चुकीला किरकोळ दंड करून बॉण्ड चालू ठेवण्याची तरतूद कायद्यात आहे. न्यायालयाने तेच केले आणि सक्त ताकीद दिली. ठरल्या तारखेला बॉण्ड सुखरूप संपला.

पुढे ठाण्याच्या फाटकाचे बिजागर तुटले, तेव्हा मी त्याच्या दुकानात गेलो. तो साइटवर होता, ती वही लिहीत बसली होती. मी विचारले, नणंदेकडे गेला होतात का?

“आठ दिवस राहून आले. माहेरी जाते म्हणून सांगितलं सासूबाईंना.”

“मग, मन निवळलं?”

ती जरा हसली. “खरं सांगू साहेब? आधी परकी बाई समजून जळत होते. आता नणंद म्हणून जळते. दहा वर्षं हा तिच्याशी सगळं बोलत आलाय. मला रात्री कशाची भीती वाटते, तेसुद्धा तिला माहीत! आणि मला मात्र ती जिवंत आहे एवढंही सांगितलं नव्हतं.”

मी बिजागराचे माप दिले आणि निघालो.

मत्सर करणाऱ्याला समोरच्याची शिक्षाच हवी असते, असे मी तरुणपणी समजत असे. या प्रकरणाने शिकवले की मत्सर करणाऱ्याला बहुतेक वेळा कोणाची शिक्षा नको असते. त्याला फक्त कोणीतरी खरे सांगायला हवे असते. ते झाले नाही की तो पोलिसांचे दार वाजवतो, आणि पोलिसांकडे एकदा कागद आला की तो आपल्या वाटेने चालू लागतो. पुढची सगळी नोकरी निनावी अर्ज हातात आला की ज्याच्याविरुद्ध तो आहे त्याचा दुश्मन कोण, हे मी नंतर विचारायचो. आधी विचारायचो, घरी त्याची वाट कोण पाहत असते?