मामांचा ‘न’चा नियम

आमच्या मामेसासऱ्यांना समजत नाही अशी भाषा या पृथ्वीवर नाही, असं त्यांचं मत होतं, आणि ग्रीसला जाईपर्यंत ते खोडून काढण्याची आमच्या नात्यात कुणाची छाती नव्हती. मामा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि साताऱ्यात घर बांधून राहिले. नोकरी देशभर झाल्यामुळे प्रत्येक प्रांताचे दहा-बारा शब्द त्यांच्यापाशी होते. उरलेली भाषा ते आवाज वाढवून भरून काढत. एकदा मिरजेच्या एका दवाखान्यात त्यांनी कर्नाटकातून आलेल्या म्हातारीचं म्हणणं आपणहून डॉक्टरांना समजावून सांगितलं. पोटदुखीसाठी आलेल्या त्या बाईच्या गुडघ्याचा फोटो निघाला. मी हळूच विषय काढला, तर म्हणाले, “गुडघा बी दुखतच हुता की तिचा. इचारलं का कुणी?”

मामांचं मूळ गाव कुंडलच्या पलीकडे. तिथल्या लेझीम पथकाला ग्रीसमधल्या समुद्रकाठच्या एका गावाकडून लोकनृत्यांच्या मेळ्याचं बोलावणं आलं, तेव्हा पथकाचं नेतृत्व कुणाकडे जाणार हा प्रश्नच नव्हता. मी सांगलीला इंग्रजी शिकवत होतो, म्हणून मलाही बरोबर घेतलं. पण विमानतळावरच कामाची वाटणी झाली. “पावणं, कागद तुमी बघा. बोलायचं मी बघतो.” जावयानं मामेसासऱ्यांपुढे बोलायचं नसतं, आणि कागद बघायला मला आवडतं.

पथकात सोळा गडी आणि एक हलगीवाले नाना. नाना मामांचे शाळेतले सोबती. सत्तरी उलटलेली, उजवा हात अलीकडे थरथरायचा; हातात हलगीचं टिपरू आलं की मात्र थांबायचा. यापुढे हलगी बंद, असं त्यांनी घरी सांगून टाकलं होतं. त्यावर मामांनी पारावर चार माणसांदेखत शब्द दिला होता, की एकदा समुद्रापलीकडं तुला हलगी वाजवायला नेतो, मग खुशाल खुंटीला टांग. त्या शब्दासाठीच मामा या खटाटोपात पडले होते. विमानात नानांनी हलगी घोंगडीत गुंडाळून आठ तास मांडीवर धरली आणि हवाई सुंदरीनं तीनदा विनंती करूनही वर ठेवू दिली नाही.

ग्रीसमध्ये पोचलो आणि गोंधळाला सुरुवात झाली. आमची व्यवस्था बघणाऱ्या बाई गुटगुटीत, हसतमुख, आणि इंग्रजीचे शब्द मोजून वापरणाऱ्या होत्या. पथकात सहा माळकरी असल्यामुळे मामांनी पहिल्याच जेवणाला टेबलावरच्या पातेल्यांकडे बोट करून विचारलं, “व्हेजिटेरियन?” बाई आनंदानं म्हणाल्या, “ने, ने!” मामा आमच्याकडे वळले. “न्हाई म्हणत्यात.” मी म्हटलं, मामा, बाई हसून सांगतायत. त्यावर मला नियम ऐकायला मिळाला. नाही, नको, नो, नहीं. जगात कुठंही जा, ‘न’ आला की नकार. कानडीत नकाराला ‘इल्ला’ म्हणतात, याची मी आठवण करून दिली. मामा म्हणाले, “ते आपल्या शेजारचं हाय. ते धरू नगा.”

तेव्हा दोन दिवस आम्ही पाव आणि केळ्यांवर काढले. समोरून भाताची, घेवड्याची, वांग्याची पातेली जशीच्या तशी आत परत जात होती, आणि बाईंचा चेहरा दर जेवणाला थोडा थोडा उतरत होता. या देशातल्या जुन्या तत्त्वज्ञांवर मी दोन भाषणं दिलेली आहेत. त्यांच्या वंशजांच्या तोंडचा ‘हो’ मात्र मला ओळखता आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकातल्या मंचाच्या फळ्या उचलून नेताना मामांनी माणसं पाहिली. त्यांनी बाईंना गाठलं. “प्रोग्राम कॅन्सल?” बाईंनी मान मागं झटकली आणि ठासून म्हणाल्या, “ओही! ओही!”

‘ओही’त ‘न’ नव्हता, म्हणजे मामांच्या नियमानं होकार. मग पथकाला रांगेत उभं करून त्यांनी सांगितलं, “व्हय म्हणत्यात बाई. क्यान्सल झालं.” पोरं बसली. कुणी गावाकडं फोन लावला. नानांनी घोंगडी सोडली, हलगीवरून एकदा हात फिरवला आणि पुन्हा बांधून ठेवली. मामा त्यांच्याकडे न बघता समुद्राकडे बघत राहिले.

तिसऱ्या दिवशी दुपारी नानांनी मला खूण करून बाहेर बोलावलं. कार्यक्रम नसला तरी कातड्याला दमट हवा लागू नये म्हणून ते हलगी शेकायला विस्तव शोधत होते. कोपऱ्यावर निखाऱ्यावर मांस भाजणारा एक दुकानदार त्यांना भेटला होता. नानांना मराठीशिवाय काही येत नव्हतं, त्यामुळे त्यांना त्याच्या बोलण्यापेक्षा हाताकडे बघावं लागलं.

“पावणं,” ते म्हणाले, “हितं उलटं हाय सगळं. त्यो ‘ने’ म्हणतोय आन बाजूला सरून जागा देतोय. पार निखाऱ्याला टेकवाय लागलो, तर ‘ओही’ म्हणून हात धरतोय.”

मी धावत बाईंकडे गेलो. मंच नुसता सावलीत हलवला होता. आमची वेळ त्याच दिवशी संध्याकाळी सहाची होती.

मी मामांकडे निघालो, तर नानांनी बाही धरली. “चुकलं म्हणून सांगू नगा. पोरांसमोर मान खाली जाईल सुभेदाराची. बाईंनी बेत बदलला म्हणा.”

मी तसंच म्हणालो. मामा ताडकन उठले. “बदलणारच की. सकाळधरनं मी त्यांच्याकडं कसा बघतोय!”

सहा वाजता, समोर अजून लख्ख ऊन असताना, नानांनी पहिली थाप दिली. समोरची माणसं खुर्च्या सोडून उभी राहिली. मामा लेझीम खेळले नाहीत. त्या दुकानदाराकडून मागून आणलेली निखाऱ्यांची लोखंडी पाटी दोन्ही हातांत धरून ते मंचाच्या कडेला उभे होते; कातडं सैल पडून सूर उतरला की नाना वळत आणि मामा पाटी पुढे करत. त्या रात्री जेवताना त्यांनी वांग्याचं पातेलं सगळ्यात आधी स्वतःकडे ओढलं. नियमाचं नाव मात्र निघालं नाही.

परत आल्यावर गावात सत्कार झाला. रद्द झालेला कार्यक्रम सुभेदारांनी कसा परत मिळवला, हे सरपंचांनी सविस्तर सांगितलं. मग कुणीतरी खालून विचारलं, की तिकडं ‘व्हय’ला काय म्हणत्यात? मामांच्या हातात माईक होता. ते म्हणाले, “ते नानाला इचारा. मला उशिरा कळलं.” माईक नानांच्या हातात देऊन ते खाली बसले. जन्मात माईक न धरलेले नाना एवढंच म्हणाले, “सुभेदारानं शब्द दिलता. त्यानं पाळला.”

तेव्हापासून नानांची हलगी खुंटीवर आहे आणि मामा कमी बोलतात. परवा साताऱ्याच्या स्टँडवर मी त्यांना सांगलीची गाडी कुठं लागते, ते विचारलं. पूर्वी त्यांनी मला हाताला धरून थेट पुण्याच्या गाडीत बसवलं असतं. या वेळी ते थांबले आणि म्हणाले, “इचारून सांगतो.” आणि खरंच चौकशीच्या खिडकीशी जाऊन रांगेत उभे राहिले. गाडी मला बरोबर मिळाली. खिडकीतून पाठमोरे मामा दिसत होते, आणि का कोण जाणे, चुकीच्या गाडीत बसल्यासारखं वाटत राहिलं.